आत्याच्या जागी

बारावा दिवस गुरुवारी येत होता, पण अमेरिकेत बाळाचं नावसुद्धा सुट्टी बघून ठेवतात. त्यामुळे केदार-इशिताच्या लेकीचं बारसं शनिवारवर गेलं आणि सुवर्णाबाईंना दोन दिवस जास्तीचे मिळाले. ते दोन्ही दिवस नवऱ्याशी भांडण्यात घालवायचे असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. प्रत्यक्षात भांडण अडीच मिनिटांत आटोपलं.

"नाव अपर्णा ठेवेल," मनोहरराव म्हणाले. हातात चहाचा मग, नजर खिडकीबाहेर ड्राइव्हवेवरच्या बर्फावर. शिकागोजवळ नेपरव्हिलला मुलाकडे आल्यापासून महिनाभर ते रोज सकाळी त्या बर्फाकडे असं बघत, जणू तो त्यांच्या परवानगीशिवाय पडलाय. "केदारची चुलतबहीण आहे, म्हणजे आत्याच झाली. ऑरोराहून पंधरा मिनिटांत येते."

"सख्खी आत्या असताना?"

"मला एकच मूल आहे," मनोहरराव म्हणाले आणि चहाचा मग घेऊन बेसमेंटमध्ये टीव्ही बघायला गेले.

हे वाक्य ते चार वर्षं म्हणत होते. २००३ च्या मे महिन्यात शिवांगीनं अमेरिकेतच, चँडलरला, ईश्वर मेश्रामशी लग्न केलं तेव्हापासून. ईश्वर नागपूरचा, कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत इंजिनियर, घर बौद्ध. पोरीनं विचारलं नाही याचं वाईट वाटलं, असं मनोहरराव साताऱ्यात सगळ्यांना सांगत. विचारलं होतं. तीनदा विचारलं होतं. दोनदा फोनवर रडून आणि एकदा चार पानी पत्र लिहून. वाईट कशाचं वाटलं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. सुवर्णाबाईंनीही काढला नव्हता. लेकीचं लग्न लागत होतं त्या दिवशी त्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. एकाही पापडाला चीर पडू दिली नाही त्यांनी. त्या दिवसाची लाज त्यांना अजून वाटत होती.

त्या वर इशिताच्या खोलीत गेल्या. तिथे निदान दुसऱ्या कुणाच्या घरातलं भांडण ऐकायला मिळे.

झालं होतं असं, की इशिता शिकागोच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती, आणि तिचा विषय होता एक बाई. लेडी डोरोथी मार्शवुड. इंग्लंडातली, सोळाशे सालच्या आसपासची, मोठ्या खानदानातली. या बाईनं एक वही ठेवली होती, आणि तिच्या झेरॉक्स इशिताच्या पलंगावर लंगोटांच्या शेजारी पसरलेल्या असत. बाळ अंगावर पीत असताना इशिताचे हात मोकळे नसत, म्हणून सुवर्णाबाई कागद तिच्या डोळ्यांसमोर धरून बसत. इशिता वाचे आणि मराठीत सांगे. पहिले दोन दिवस सुवर्णाबाई केवळ सुनेला मदत म्हणून बसल्या. तिसऱ्या दिवशी भाजी फोडणीला टाकून वर धावल्या, कारण डोरोथीबाईंचा नववा दगावतोय की वाचतोय ते राहिलं होतं. दगावला. सुवर्णाबाईंनी डोळ्याला पदर लावला, खाली भाजी करपली.

सोळाव्या वर्षी लग्न. नवरा लॉर्ड, जमीनजुमला अफाट आणि स्वभाव कडू. बारा बाळंतपणं, जगली पाच. बाईनं प्रत्येक मुलाचं वहीत लिहून ठेवलं होतं: कुठल्या घटकेला जन्मलं, बाहेर पाऊस होता की धुकं, चर्चमध्ये नाव ठेवताना धर्मआई आणि धर्मबाप म्हणून कोण उभे राहिले.

"आणि बाळंतिणीला महिनाभर खोलीत ठेवायचे, आई. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, शेकोटी चालू. प्यायला गरम गरम पेज, त्यात वाइन घातलेली."

"वाइन सोडली तर बरोबरच होतं," सुवर्णाबाई म्हणाल्या. खोलीच्या हीटरच्या जाळीवर त्यांनीच टॉवेल वाळत टाकला होता.

"बारशालाही आई नसायची. बाळाला चर्चमध्ये न्यायचे आणि ही घरात पडून. महिना झाला की पहिल्यांदा बाहेर पडायची ती देवाचे आभार मानायला. त्याचा वेगळा विधीच होता."

हे सुवर्णाबाईंना फार आवडलं. बाई मरणाच्या दारातून परत येते आणि पहिलं पाऊल घराबाहेर टाकते ते आभार मानायला. आपल्याकडे सव्वा महिन्यानं देवळात नेतात, पण आभार मानतंय कोण, नवस फेडायची घाई असते सगळ्यांना.

आज मात्र इशितानं बाळाला खांद्यावर घेतलं आणि स्वतःच कागद शोधून काढला. "आई, तुम्ही परवा मला एक प्रश्न विचारलात. आठवतोय?"

"मी रोज पन्नास विचारते."

"कॅथरीनबद्दल."

कॅथरीन म्हणजे डोरोथीबाईंची सातवी. सोळाशे पस्तीस साली तिनं लीड्सच्या एका कापडवाल्याशी लग्न केलं. "व्यापाऱ्यात काय वाईट आहे?" असं सुवर्णाबाईंनी तेव्हा विचारलं होतं, आणि इशिता म्हणाली होती, "त्यांच्यात ते खालचं होतं, आई. लोकर धुणारे, रंगवणारे, हातानं काम करणारे लोक." मग सुवर्णाबाईंनी घाईनं पुढचा कागद धरला होता. लॉर्डसाहेबांनी वहीतलं लेकीचं नाव स्वतःच्या हातानं शाईनं खोडलं होतं. झेरॉक्समध्ये तिथे नुसता काळा पट्टा दिसत होता.

"चार वर्षांनी डोरोथीच्या मुलाला मुलगी झाली," इशिता म्हणाली. "बारशाच्या नोंदीत धर्मआई म्हणून कॅथरीन असं नाव आहे. मी प्रबंधात लिहून मोकळी झाले होते, की ही दुसरी कुणीतरी कॅथरीन, नात्यातली. पोरीला तर टाकलेली, ती कशी असेल? माझ्या गाइडनंसुद्धा ते पास केलं. आणि तुम्ही परवा म्हणालात..."

"सख्खी आत्या असताना दुसरी कशाला बोलावतील," सुवर्णाबाई म्हणाल्या. त्यांना आठवलं. त्या डोरोथीबाईंविषयी नव्हत्याच बोलत तेव्हा.

"मी पुन्हा भिंगातून बघितलं. ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात आहे. कडेला शिवणीत गेलंय, म्हणून दिसत नव्हतं." इशितानं कागदावर बोट ठेवलं. "कॅथरीन, माझी मुलगी. तिच्या जागी मी, तिची आई, उभी राहिले."

"तिच्या जागी?"

"चालायचं तसं. धर्मआई येऊ शकली नाही तर दुसऱ्यानं तिच्या वतीनं उभं राहायचं. नाव तिचंच लागायचं. बाई भर चर्चमध्ये सांगून मोकळी झाली. पाद्री, गावकरी, नोकरचाकर, सगळे समोर. लॉर्डसाहेब करणार काय? देवाच्या दारात तमाशा करता येतो का?"

सुवर्णाबाई कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना त्या अक्षरातलं काही लागत नव्हतं, सगळी मुंग्यांची रांग. "मग नवरा काय म्हणाला?"

"ते नाही लिहिलेलं. पण पुढच्या पानावर कॅथरीनच्या मुलाचा जन्म लिहिलाय. घटकेसकट, हवेसकट." इशिता हसली. "माझं एक अख्खं चॅप्टर तुमच्यामुळे बदलणार आहे. आभाराच्या पानावर तुमचं नाव पहिलं घालणार आहे मी."

सुवर्णाबाईंना गहिवरून आलं आणि ते लपवायला त्या लंगोटांच्या घड्या घालू लागल्या. इशितानं त्यांचा हात धरला.

"आई, अजून एक सांगायचंय. बाबांना माहीत नाही. तुम्ही यायच्या आधी, जानेवारीत, मला बेडरेस्ट सांगितली होती आणि केदार डॅलसला क्लायंटकडे अडकला होता. तेव्हा शिवांगी आणि ईश्वर इथे होते. दोन आठवडे. एका दुपारी माझं बीपी चढलं, बाहेर बर्फाचं वादळ. ईश्वर वीसच्या स्पीडनं ड्राइव्ह करत मला हॉस्पिटलला घेऊन गेला. सगळ्या वाटेत माझ्याशी बोलत होता, मी घाबरू नये म्हणून. त्याच्या आईच्या हातच्या झणझणीत सावजी रश्श्याबद्दल. मला उलटीची भीती आणि हा सावजीबद्दल सांगतोय."

"आणि मग?"

"तुमचं विमान यायच्या आदल्या दिवशी गेले दोघं. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तुमच्या पलंगावरची चादर ईश्वरनंच धुवून घातली होती."

महिनाभर आपण त्या चादरीवर झोपतोय, हे कळल्यावर सुवर्णाबाईंना रडू आवरलं नाही. आवरायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. किती उपकार आहेत या पोराचे, आणि आपण त्याला एकदा नीट बघितलंही नाही. फोटोत बघितलं, तेही चोरून.

पहिला विचार आला तो हाच, की खाली जाऊन हे सगळं नवऱ्याच्या तोंडावर फेकावं. जिन्यापर्यंत गेल्याही. मग थांबल्या. उपकार केले म्हणून माणसाला घरात घ्यायचं, तर ते कसलं घेणं? उद्या दुसरा कुणी उपकार न करता येईल, त्याला दारातूनच परत पाठवायचं का? जावई आहे, एवढं पुरेसं असायला हवं होतं. पहिल्याच दिवशी पुरेसं असायला हवं होतं. त्या परत फिरल्या.

"नाव काय ठेवायचं म्हणतेय शिवांगी? तिला विचारलंस?"

"विचारलं. तिनं सांगितलंय. पण तुम्हाला पाळण्यापाशीच सांगायचं, अशी तिची अट आहे."

"का?"

"आधी कळलं तर कुणीतरी मोडता घालेल म्हणाली."

शुक्रवारी संध्याकाळी अपर्णा आणि तिचा नवरा राकेश महाराष्ट्र मंडळाचा लाकडी पाळणा घेऊन आले. हा पाळणा वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या मिनीव्हॅनमधून फिरतच असे. राकेश आणि केदार तो जोडत बसले. स्वयंपाकघरात सुवर्णाबाईंनी घुगऱ्यांचे हरभरे भिजत घालता घालता अपर्णाला सगळं सांगितलं. अपर्णाचा चेहरा उतरला.

"काकू, मी डेव्हनच्या देशी बाजारात पाऊण तास पार्किंग शोधून साडी आणलीये हो."

"नेस ना मग. साडीला कुठे नको म्हणतेय?"

"आणि काका मला फाडून खातील."

"मला खातील. तू नुसती जागची उठू नकोस."

अपर्णा बराच वेळ हरभरे चाळवत राहिली. "खरं सांगू काकू, मला बरंच वाटतंय. शिवांगीच्या लग्नाला मी तिकीट काढलं होतं. काकांचा फोन आला, आणि मी तिला सांगितलं की मला फ्लू झालाय. तिनं तिकडून मला काढ्याची रेसिपी ईमेल केली." तिनं नाक ओढलं. "नाही उठणार मी."

केदारला कळवणं भाग होतं. त्यानं ऐकलं, डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "आई, सीन नको यार. पन्नास लोक येतायत."

"पन्नास येतायत म्हणूनच."

"बाबांना त्रास झाला तर?"

"झाला तर मी आहे. चाळीस वर्षं काय करतेय?" आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, "केदार, दहा दिवसांनी आम्ही जाणार. पुन्हा येणं होईल न होईल. लेकीचं नाव या घरात मोठ्यानं न घेता मी परत गेले, तर ते मला मरेपर्यंत सलत राहील. एवढं करू दे मला."

केदारनं मान हलवली. हो म्हणाला की नाही ते कळलं नाही, पण शनिवारी सकाळी तो स्वतःहून बाबांना सोफ्याच्या मधोमध बसवून आला, जिथून पटकन उठता येत नाही.

अकराला घर भरलं. दारात बर्फाच्या बुटांचा ढीग, वर कोट ठेवायला पलंग पुरेना. बायकांनी पाळण्याच्या वरून खालून नारळ फिरवला. वरवंटा सुवर्णाबाईंना विमानात आणू दिला नव्हता, पस्तीस वेळा विचारूनही. इशिता हिरव्या साडीत पाळण्याच्या डोक्याशी बसली. शेजारच्या अमेरिकन आजीबाई पहिल्या रांगेत हात जोडून बसल्या होत्या, कधी जोडायचे आणि कधी सोडायचे ते न कळल्यामुळे जोडूनच.

"चला अपर्णा," मनोहरराव सोफ्यावरून म्हणाले. "ये पुढे. नाव घे."

अपर्णा मोरपंखी साडीत भिंतीला टेकून बसली होती. ती लालेलाल झाली, पण उठली नाही. "मी नाही काका," ती म्हणाली. "काकू आहेत."

सुवर्णाबाई पाळण्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मनातल्या मनात भाषण तयार केलं होतं, चांगलं पाचसहा वाक्यांचं. त्यातलं एकही आठवेना. डोरोथीबाईंनाही असंच झालं असेल का, असा भलताच विचार मनात आला, आणि त्यानं धीर आला.

"या पोरीला सख्खी आत्या आहे," त्या म्हणाल्या. "तिचं नाव शिवांगी. ती चँडलरला असते, तिच्या नवऱ्याचं नाव ईश्वर. ते दोघं आज इथे नाहीत, कारण आम्ही त्यांना बोलावलं नाही. चूक आमची आहे. माझी आहे. शिवांगीच्या जागी मी उभी आहे."

वर कुणाच्यातरी कोटातला फोन थरथरत होता तो खालपर्यंत ऐकू आला.

"सुवर्णा," मनोहरराव म्हणाले. एवढंच. त्यांनी सोफ्याचा हात धरला, उठायला म्हणून की सावरायला म्हणून ते त्यांनाच माहीत. राकेशनं काही न सुचून पेढ्यांचा ट्रे उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

सुवर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या इशिताकडे वाकल्या. इशितानं त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि शिवांगीनं सांगितलेलं नाव सांगितलं.

सुवर्णाबाईंनी चटकन मागे होऊन तिच्याकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की, आई."

त्यांना वाटलं होतं काहीतरी नव्या पद्धतीचं असेल, दोन अक्षरी, इकडच्या लोकांना म्हणता येईलसं. त्यांनी डोळे मिटले, पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मग सरळ उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शरयू."

शरयू म्हणजे मनोहररावांची आई. मनोहरराव सात वर्षांचे असताना विधवा झालेली, शिवणकाम करून चार मुलं वाढवलेली. शेवटची दोन वर्षं म्हातारीला फारसं दिसत नव्हतं, तेव्हा शाळेतून आलेली शिवांगी तिला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवी, जन्ममृत्यूच्या जाहिरातींसकट. टाकलेल्या नातीनं भाचीसाठी आजीचं नाव राखून ठेवलं होतं. रागावलेल्या बापाला देण्यासारखं तिच्याकडे एवढंच होतं, आणि तेच तिनं हात आखडता न घेता दिलं.

मग गलका उडाला. नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपके घालायचे असतात, आणि बायका ती संधी सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. अपर्णानं सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात धपका घातला. "हा शिवांगीला," ती म्हणाली, आणि तिचं बघून सगळ्याच तसं म्हणू लागल्या. ज्यांनी शिवांगीला कधी पाहिलंही नव्हतं त्यासुद्धा. हा शिवांगीला, हा शिवांगीला. अमेरिकन आजीबाईंनी विचारून घेतलं आणि हळूच दोन बोटं टेकवली. सुवर्णाबाई पाळण्याची कडी धरून वाकून उभ्या होत्या. पाठ हुळहुळत होती, डोळे वाहत होते, आणि मनात एकच चाललं होतं: देवा, फार दिलंस. पोरीसारखी सून दिलीस, सुनेची पोर दिलीस, कोण कुठली ती इंग्लंडातली बाई दिलीस. फार दिलंस.

गलका अचानक थांबला. पाठीवर एक हात आला. धपका नव्हता, नुसता ठेवलेला, जड. तो हात कुणाचा ते त्यांना न बघता कळलं.

"हा शिवांगीला," मनोहरराव म्हणाले. आवाज पार बसला होता. "तिला म्हणावं, बाकीचे इथे येऊन खा. एकटी येऊ नको म्हणावं. ईश्वररावांना घेऊन ये."

चार वर्षांत जावयाचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. केदारनं ते ऐकलं मात्र, धावत जाऊन कॉर्डलेस फोन आणला, नंबर लावला आणि आईच्या पुढे धरला.

सुवर्णाबाईंनी तो घेतला नाही. पदरानं तोंड पुसत त्या नवऱ्याकडे वळल्या.

"आत्याच्या जागी मी उभी राहिले," त्या म्हणाल्या. "बापाच्या जागी मला उभं राहता येणार नाही. ते तुम्हीच बोला."

मनोहररावांनी फोन घेतला. पलीकडे रिंग वाजत होती. तीन वेळा वाजली, मग उचलला गेला, आणि शिवांगीचा आवाज जवळच्या दोघातिघांनाही ऐकू आला.

"दादा? झालं का रे बारसं?"

मनोहररावांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"दादा नाही, पोरी," ते म्हणाले. "बाबा बोलतोय."